पेंढ्याची लाल रेघ आणि लोहाचे वारसदार

जपानच्या ओकायामा प्रांतातील इंबे या गावी, बिझेन भांडी घडवणाऱ्या कुंभारांच्या घरी, भट्टी रचण्याचे दिवस आले की भाताच्या पेंढ्याला मोल येते. चाकावरून उतरवून वाळवलेले भांडे हाती घेऊन त्याभोवती पेंढ्याच्या मोजक्या काड्या गुंडाळतात आणि ज्वाळा व राख थेट लागू नये म्हणून ते दुसऱ्या मोठ्या भांड्यात बसवतात. त्याला झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, दिलेली नसते, रंग लावलेला नसतो, नक्षीही काढलेली नसते. भट्टी पेटते, निवते आणि भांडे बाहेर येते तेव्हा पेंढा जळून नाहीसा झालेला असतो. पण जिथे काडी टेकली होती तिथे फिकट बदामी अंगावर शेंदरी-लाल रेघ उमटलेली असते. काडी जिथे वळली तिथे रेघ वळते, काडीचे टोक जिथे संपले तिथे रेघ थांबते. या रेघांना ‘हिदासुकी’ म्हणतात. ‘हि’ म्हणजे आग आणि ‘तासुकी’ म्हणजे काम करताना किमोनोच्या बाह्या वर बांधून ठेवण्याची दोरी.

मुळात हा पेंढा शोभेसाठी नव्हता. एकात एक रचलेली भांडी भाजताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तो मध्ये घालत असत. त्यातून लाल रेघ उमटते हे कुंभारांच्या लक्षात आले, ती आवडली आणि पुढे ती मुद्दाम काढली जाऊ लागली. ती नेमकी का उमटते, याचे सविस्तर उत्तर मात्र अगदी अलीकडे, योशिहिरो कुसानो, जुन ताकादा आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून मिळाले. या रसायनशास्त्रज्ञांनी बिझेनच्या मातीच्या लहान चकत्या करून त्यांवर पेंढा ठेवला, त्या वेगवेगळ्या तापमानांपर्यंत तापवून वेगवेगळ्या गतीने थंड केल्या आणि क्ष-किरण व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने पृष्ठभाग तपासला.

बिझेनच्या मातीत लोहाचे ऑक्साइड शंभरात दोन-तीन भाग असते. नुसती माती भाजली तर तिच्यात म्युलाइट नावाचे खनिज तयार होते आणि मातीतले बरेचसे लोह त्या खनिजाच्या स्फटिकांत सामावून जाते. त्यामुळे भांड्याचे अंग फिकट राहते. पेंढ्यात पोटॅशियम असते. काडी जळाल्यावर ते मागे उरते, मातीत मिसळते आणि तिचा वितळणबिंदू खाली आणते. १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे काडीखालच्या जागेत जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा काचेसारखा द्रवरूप थर तयार होतो. या थरात आधी ॲल्युमिनाचे बारीक स्फटिक वेगळे होतात. हे खनिज म्हणजे आपला कुरुंद. धार लावण्याच्या दगडात वापरला जातो तो हाच, माणिक आणि नीलम ही याचीच रूपे, आणि इंग्रजीतले त्याचे नावही भारतीय भाषांतूनच तिकडे गेले आहे. पुढे भट्टी निवू लागते तसे द्रवात विरघळलेले लोह हेमेटाइटच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे आपल्या घराघरांत परिचित असलेल्या गेरूच्या रूपाने. कुरुंद आणि हेमेटाइट यांची अणूंची मांडणी एकाच धाटणीची असल्यामुळे हेमेटाइटचे स्फटिक कुरुंदाच्या कणांभोवती नेटके वाढतात, आणि डोळ्यांना दिसणारी लाल रेघ ती हीच.

इथे निवण्याच्या गतीला फार महत्त्व आहे. प्रयोगशाळेत मिनिटाला एखाद्या अंशाने तापमान उतरवले तेव्हा लाल रंग चांगला खुलला. घाईने थंड केले तर लोहाला स्फटिक बांधायला अवसरच मिळत नाही. बिझेनची भट्टी लाल पाइनच्या लाकडावर आठवडा-दोन आठवडे जळते आणि नंतर कित्येक दिवस झाकलेली राहते. ही सबुरी कुंभारांनी वेगळ्याच कारणासाठी अंगी बाणवली होती. ‘हियोसे’ ही इथली माती भातखाचरांच्या खालच्या थरांतून काढतात. ती अतिशय बारीक आणि चिकट असते, वाळताना व भाजताना पुष्कळ आकसते आणि एकदम तापवली वा निववली तर तडकते. मातीचा जीव सांभाळताना लोहाला हवा तेवढा वेळ आपोआप मिळत गेला. माती खाचरातली आणि पेंढाही भाताचाच, हा योग मला या साऱ्या कथेत सर्वांत सुंदर वाटतो.

भट्टीतला प्राणवायू कमी असेल तर काडीखाली निराळेच काही घडते, हेही या संशोधनात दिसले. तेव्हा लोहाच्या ऑक्साइडचे एप्सिलॉन हे दुर्मीळ रूप तयार होऊ शकते. चुंबकत्व सहजासहजी न सोडण्याचा विलक्षण गुण या रूपात असल्याचे २००४ मध्ये तोक्यो येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि तेव्हापासून पदार्थविज्ञानात त्याचा कसून अभ्यास चालू आहे. शुद्ध स्वरूपात ते तयार करणे प्रयोगशाळेत कष्टाचे आहे. २०१४ मध्ये चीनमधील जुन्या ज्यान चहापेल्यांच्या काळ्या झिलईतही ते सापडले. ज्या पदार्थाचे नावही कुंभारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तो त्यांच्या भट्ट्यांत शतकानुशतके तयार होत आला होता.

बिझेनमध्ये किमुरा, मोरी, कानेशिगे, तोंगु, तेरामी आणि ओआए अशी सहा जुनी कुंभार घराणी सांगितली जातात. त्यांपैकी कानेशिगे घराण्यातील तोयो कानेशिगे (१८९६–१९६७) यांनी सोळाव्या शतकातील चहाच्या भांड्यांचा ध्यास घेतला, माती निवडण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सारे नव्याने तपासले आणि मागे पडत चाललेली ही कला पुन्हा उभी केली. १९५६ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. बिझेनच्या कुंभारांत तो मिळवणारे ते पहिले. घराण्यात जन्म झाला होता, तरी हवी असलेली जुनी विद्या त्यांना घरात तयार मिळाली नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिचा माग त्यांना जुन्या भांड्यांवरून आणि स्वतःच्या भट्टीतून काढावा लागला.

वारसा म्हटले की गुप्त कृतीची वही आपल्या डोळ्यांसमोर येते. क्योतोच्या राकु घराण्याकडे पाहिले की ही कल्पना बदलावी लागते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चोजिरो या कारागिराने चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यु यांच्यासाठी पेले घडवले, तिथून हे घराणे सुरू होते. इथे चाक वापरत नाहीत. पेला हातांनी उभारतात आणि पात्याने कोरतात. काळ्या राकुची झिलई कामो नदीतल्या दगडाच्या पुडीपासून करतात आणि या दगडात लोह व मँगेनीज असते. कोळशाच्या लहानशा भट्टीत एका वेळी एकच पेला ठेवतात आणि भात्याने वारा घालून आच सुमारे १,२०० अंशांपर्यंत चढवतात. झिलई वितळून चमकू लागली, की लाल तापलेला पेला लोखंडी चिमट्याने धरून सरळ बाहेर काढतात. बाहेरच्या हवेत त्याची लाली झपाट्याने विझते आणि काही क्षणांत तो काळा होतो. चिमट्याची खूण पुष्कळदा पेल्याच्या अंगावर कायमची राहते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही बिझेनच्या अगदी उलट बाजू आहे. तिथे लोहाला स्फटिक बांधायला वेळ दिला म्हणून लाल रंग आला. इथे तो वेळ नाकारला म्हणून लोह काचेत विरघळलेलेच राहिले आणि झिलई काळी झाली. अशीच लोहयुक्त झिलई भट्टीतच सावकाश निवू दिली तर ती तपकिरी किंवा मधासारख्या रंगाकडे झुकते. एवढा मोठा तापमानातला फरक पेला सहन करतो, कारण त्याची माती भरड आणि सच्छिद्र असते. पोर्सलेनचा, म्हणजे पांढऱ्या घट्ट चिनीमातीचा, पेला असा बाहेर ओढला तर त्याचे तुकडे हाती येतील.

या घराण्यात झिलईचे प्रमाण वडील मुलाला सांगत नाहीत. मुलगा त्याच घरात वाढतो, भट्टीच्या रात्री मदतीला उभा राहतो, पण आपली झिलई त्याला स्वतःच शोधावी लागते. १९४९ मध्ये जन्मलेले पंधरावे राकु किचिझाएमोन शिल्पकला शिकून इटलीला गेले, तिथून परतले, १९८१ मध्ये घराण्याचे प्रमुख झाले आणि पात्याने धारदार कोन पाडलेले त्यांचे पेले पूर्वजांच्या पेल्यांहून पार निराळे दिसू लागले. २०१९ मध्ये किचिझाएमोन हे नाव मुलाच्या स्वाधीन करून त्यांनी जिकिन्यु हे निवृत्तीचे नाव घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला वडिलांचे हे मौन कठोर वाटेल. मला त्यात शहाणपण दिसते, कारण नदीतला दगड, कोळसा आणि त्या रात्रीची हवा कधीच तंतोतंत सारखी नसते. बदलत्या गोष्टींना हात कसा जुळवून घ्यायचा, हे लिहून दिलेल्या प्रमाणातून कळत नाही.

क्युशू बेटावरच्या आरिता येथे लोहाशी असलेले नाते आणखी वेगळे आहे. पोर्सलेनच्या अंगात आणि झिलईत लोहाचा अंश राहिला आणि भट्टीत प्राणवायू कमी पडला, तर पांढऱ्यावर निळसर झाक येते. साकाइदा काकिएमोन घराण्याला ही झाक नको होती. त्यांनी ‘निगोशिदे’ नावाचे दुधाळ, उबदार पांढरे अंग साधले. स्थानिक बोलीत ‘निगोशी’ म्हणजे तांदळाचे धुवण. त्या रंगासाठी मराठीतही याहून अचूक शब्द मिळणार नाही. या पांढऱ्यावर रंगाने काढलेली फुले-पाखरे ऐटीत उठून दिसतात, आणि त्यातला प्रसिद्ध लाल रंग पुन्हा लोहाच्याच ऑक्साइडचा असतो. अंगातून कटाक्षाने दूर ठेवलेले लोह असे कुंचल्याच्या टोकावरून परत येते.

निगोशिदेची कथा मात्र तुटलेल्या वारशाची आहे. अठराव्या शतकात हे काम बंद पडले आणि विद्या लुप्त झाली. बारावे आणि तेरावे काकिएमोन या पितापुत्रांनी ती १९५३ मध्ये पुन्हा साध्य केली. १९७१ मध्ये जपान सरकारने या तंत्राला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपदेचा दर्जा दिला. इझुमियामा, इवायागावाची आणि शिराकावा या तीन ठिकाणचे दगड ६:३:१ या प्रमाणात मिसळतात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. तरीही काम सोपे झालेले नाही, कारण ही माती भाजताना फार आकसते आणि त्यामुळे भांडे वाकडे होणे, चिरणे हे नेहमीचेच असते. चौदाव्या काकिएमोन यांनी (१९३४–२०१३) आसपासच्या रानफुलांची रेखाटने करून ती या पांढऱ्यावर आणली. १९६८ मध्ये जन्मलेले पंधरावे काकिएमोन २०१४ मध्ये गादीवर आले.

त्याच आरितातले चौदावे इमाइझुमी इमाएमोन (जन्म १९६२) एका जुन्या युक्तीला हिमस्फटिकांपर्यंत घेऊन गेले आहेत. ‘सुमिहाजिकी’ या तंत्रात कच्च्या भाजलेल्या अंगावर आधी काळ्या शाईने आकृती काढतात आणि वरून रंग फिरवतात. शाईतला सरस रंगाला थारा देत नाही. पुढच्या भाजणीत शाई जळून जाते आणि तिच्या जागी पांढरी रेघ उरते. मूळ घराण्यात हे तंत्र पार्श्वभूमीची बारीक नक्षी भरण्यासाठी होते. त्यांनी ते चित्राच्या केंद्रस्थानी आणले आणि २०१४ मध्ये तेही ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले.

या नावाजलेल्या घराण्यांबरोबर ओइता प्रांतातील ओंता हे खेडे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. १७०५ पासून इथे भांडी घडत आली आहेत. मोजकीच कुंभार घरे आहेत, ती बाहेरचे कामगार ठेवत नाहीत आणि भांड्यांवर कुणीही स्वतःचे नाव घालत नाही. ओढ्याकाठी ‘काराउसु’ नावाची पाण्यावर चालणारी मुसळे असतात. लांब ओंडक्याचे एक टोक पळीसारखे कोरलेले असते. त्यात पाणी भरले की ते खाली झुकते, पाणी सांडते आणि दुसऱ्या टोकाचे मुसळ धप्पकन मातीच्या ढेकळांवर आदळते. रात्रंदिवस हा आवाज गावभर चालू असतो. जुलै २०१७ मधील अतिवृष्टीत यांतली पुष्कळ मुसळे उद्ध्वस्त झाली. ती गावाने पुन्हा बसवली.

कुटलेली माती पाण्यात गाळून, निथळवून ओली ठेवली की ती मुरते. मातीतली खनिजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात असतात. काळ जाईल तसे पाणी प्रत्येक पापुद्र्याच्या आत-बाहेर पोहोचते, सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांनी सोडलेली आम्ले व बुळबुळीत पदार्थ मातीची लवचीकता वाढवतात. अशा मुरलेल्या मातीला किंचित कुबट वास येतो, आणि अनुभवी कुंभाराला तो आवडतो. बोटाने दाबले की ती न चिरता वळते.

राकु घराण्यात तर माती पिढ्यांसाठी साठवण्याची रीत आहे. चांगली माती कुठे सापडली की ती आणून ठेवायची आणि स्वतः मात्र आजोबा-पणजोबांच्या काळची काढून वापरायची. झिलईचे प्रमाण न सांगणारे वडील मुलासाठी जे खात्रीने ठेवून जातात, ते हेच: कोठारातला ओल्या मातीचा ढीग, वर झाकण, आणि ती वाळू नये एवढी काळजी.