कनेक्शन वाढवली की सर्व्हर पळतो?

दहावी-बारावीचा निकाल लागतो, लाखो मोबाइल एकाच मिनिटाला एकाच पत्त्यावर धडकतात आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. लगेच निदान होतं, ‘सर्व्हर लहान पडला.’ संगणक क्षेत्रातली मंडळी त्यात भर घालतात, ‘डेटाबेसची कनेक्शन वाढवायला हवी होती.’ वाढवणं सोपंच असतं. सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीत 100 च्या जागी 1000 लिहायचं आणि डेटाबेस पुन्हा सुरू करायचा. गंमत अशी की या उपायाने गाडी सुटण्याऐवजी बहुतेक वेळा आणखी रुतते. यामागचं गणित मला फार आवडतं, आणि ते समजायला शाळेतला गुणाकार पुरतो.

वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम आणि माहिती जपून ठेवणारा डेटाबेस हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात, बऱ्याचदा वेगवेगळ्या यंत्रांवर. पहिला बंद पडला, बदलला, तरी दुसऱ्याकडची माहिती शाबूत राहावी म्हणून ही फारकत. दोघांची गाठ घालून द्यायची तर पहिल्याला काही गोष्टी लिहून द्याव्या लागतात: डेटाबेसच्या यंत्राचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या यंत्रावरच्या दाराचा क्रमांक (पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा 5432, मायएसक्यूएल या दुसऱ्याचा 3306), डेटाबेसचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. एवढं बरोबर असलं की कनेक्शन जुळतं.

जुळतं, पण फुकट नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये सुरक्षित कनेक्शन उघडताना काय काय होतं ते पाहा. आधी टीसीपी या इंटरनेटच्या नियमांप्रमाणे दोन यंत्रांची ओळख पटते, ही निरोप जाऊन-येऊन एक फेरी. ‘गुप्त भाषेत बोलायचं का?’ हे विचारायला दुसरी, त्या भाषेच्या किल्ल्या ठरवायला तिसरी. मग ‘मी अमुक वापरकर्ता’ असं सांगायचं आणि पासवर्डचा पुरावा द्यायचा, त्यात आणखी तीन. शिवाय पासवर्डवर एकच गणिती क्रिया साधारण 4096 वेळा करावी लागते. चोरलेल्या यादीवरून पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून हा खटाटोप मुद्दाम ठेवलेला आहे. दोन्ही यंत्रं एकाच इमारतीत असतील तर सहा फेऱ्या जाणवतही नाहीत. पण प्रोग्रॅम मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर? अंतर सुमारे 13 हजार किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान 130 मिलिसेकंद, आणि सहा फेऱ्यांचे पाऊण सेकंदाहून जास्त. अजून एकही प्रश्न विचारलेला नाही!

म्हणून कनेक्शन दर वेळी नव्याने उघडत नाहीत. काही आधीच उघडून ठेवतात. लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. याला पूल (नदीवरचा नव्हे, इंग्रजीतला ‘pool’, म्हणजे सामायिक साठा) म्हणतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात लोकप्रिय असलेला हिकारीसीपी नावाचा पूल, काही न सांगितल्यास, फक्त 10 कनेक्शन ठेवतो. लाखो लोकांसाठी दहा? इथे बहुतेकांचा हात तो आकडा वाढवायला शिवशिवतो.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी यंत्रावर एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, सुरू होते. प्रोसेसरला चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असतील तर एका क्षणी चारच प्रोसेस खरोखर चालतात, बाकीच्या आळीपाळीने. चार शेगड्यांच्या स्वयंपाकघरात दोनशे आचारी भरले तर जेवण लवकर होत नाही, शेगडीपाशी रेटारेटी होते. त्यात मेमरीचा हिशोब वेगळा: एका क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) एका सॉर्टिंगला, म्हणजे क्रम लावण्याला, मूळ सेटिंगप्रमाणे 4 एमबीपर्यंत जागा मिळते, आणि एका क्वेरीत अशी अनेक सॉर्टिंग असू शकतात. शिवाय प्रत्येक क्वेरीला ‘या घडीला कोणते व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्धवट आहेत’ याचं एक चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, घ्यावं लागतं. हे चित्र घेताना पूर्वी नुसती बसून असलेली कनेक्शनही वेळ खायची. 2021 साली आलेल्या 14 व्या आवृत्तीत ते पुष्कळ सुधारलं, पण कोरांची संख्या काही त्याने वाढली नाही. पोस्टग्रेसच्या विकीवर एक ढोबळ सूत्र आहे: कोरांची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार कोर, एक डिस्क, तर नऊ.

आता माझा लाडका भाग. जॉन लिटल यांनी 1961 साली रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. कुठल्याही व्यवस्थेत सरासरी किती जण आत असतात? दर सेकंदाला येणारे, गुणिले प्रत्येक जण आत घालवतो तो वेळ. बस्स. गिऱ्हाइकं कशी येतात, कोण आधी, कोण नंतर, कशाचीही अट नाही. व्यवस्था स्थिर हवी एवढंच. आपल्याकडे ‘आत असणं’ म्हणजे कनेक्शन धरून ठेवणं. सेकंदाला 500 विनंत्या येतात आणि प्रत्येक जण कनेक्शन 10 मिलिसेकंद धरतो, तर 500 गुणिले 0.01, म्हणजे सरासरी पाच कनेक्शन. पाचच! गर्दीच्या लाटेसाठी वर थोडी ठेवली की दहा पुरतात.

पण समजा प्रोग्रॅममध्ये क्रम असा लिहिलाय: व्यवहार सुरू करा, अर्ज नोंदवा, एसएमएस पाठवा, व्यवहार पूर्ण करा. एसएमएस कंपनीचं उत्तर यायला 400 मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ कनेक्शन हातात धरून प्रोग्रॅम नुसता थांबतो. 500 गुणिले 0.41, म्हणजे 205. डेटाबेसचं काम तितकंच आहे, कनेक्शन मात्र चाळीसपट लागली. इथे आकडा वाढवणं म्हणजे दुखणं लपवणं. व्यवहार आधी पूर्ण करायचा, कनेक्शन परत ठेवायचं आणि मग एसएमएस पाठवायचा. दोन ओळींची अदलाबदल केली की 205 चे पुन्हा पाच होतात.

खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावण्यात मला वावगं वाटत नाही. आपण हत्यारांचा मान ठेवतो. पण ‘रीस्टार्ट केला की बरा होतो’ ही श्रद्धा मात्र नुकसान करते. रीस्टार्टने बरं वाटतं कारण कुठल्या तरी कोपऱ्यात घेतलेली आणि परत न ठेवलेली कनेक्शन त्या क्षणी सुटतात. गळती तशीच राहते आणि चार तासांनी पुन्हा तेच.

‘क्लाउडवर टाका, आपोआप वाढेल’ ही जाहिरातही अशीच तपासून घ्यावी. गर्दी झाली की प्रोग्रॅमच्या प्रती आपोआप वाढतात हे खरं, पण प्रत्येक प्रत आपला दहाचा पूल घेऊन येते. पोस्टग्रेसक्यूएलची मूळ मर्यादा 100, त्यातली तीन प्रशासकासाठी राखीव, उरली 97. नऊ प्रती सुखाने नांदतात. दहावी प्रत आली की ‘रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड…’, म्हणजे उरलेल्या जागा राखीव, आणि तेही ऐन गर्दीत. अशा वेळी मध्ये पीजीबाउन्सरसारखा सामायिक पूल बसवतात. स्काइपमध्ये तयार होऊन 2007 साली बाहेर आलेला हा छोटा प्रोग्रॅम, ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालवला तर, व्यवहार संपताक्षणी कनेक्शन दुसऱ्याला देतो. हजारो जण बाहेर उभे राहतात, आत वीस-पंचवीसच कामाला असतात.

आकड्याला हात लावण्याआधी डेटाबेसलाच विचारावं. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक कनेक्शन काय करतंय ते दिसतं. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे काम चालू, ‘आयडल’ म्हणजे मोकळं. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशा नोंदींची रांग लागली असेल, तर व्यवहार उघडा टाकून प्रोग्रॅम दुसरीकडेच कुठे तरी थांबलाय. अशा कनेक्शनची वेळमर्यादा ठरवायची सोय 2016 सालच्या 9.6 आवृत्तीपासून आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती शून्यावर, म्हणजे बंद असते. ती तीस सेकंदांवर आणली की दोषी ओळ लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, सापडायला सहसा वेळ लागत नाही.