परिधेय संवेदकांतील द्विमितीय वाहक पदार्थ

त्वचेवर चिकटवायच्या किंवा कापडात बसवायच्या संवेदकांमध्ये एका किंवा मोजक्या अणुथरांइतक्या जाडीचे विद्युत्‌वाहक पदार्थ वापरण्याचे तंत्र. या कामी मुख्यतः ग्राफीन (कार्बन अणूंचा एकेरी थर) व मॅक्सीन (काही धातूंच्या कार्बाइड व नायट्राइडांचे पातळ पापुद्रे) वापरतात. नाडी, हृदयाचे व स्नायूंचे विद्युत्‌संकेत, सांध्यांची हालचाल, त्वचेचे तापमान आणि घामातील रसायने अशा संवेदकांनी मोजता येतात.

हे पदार्थ उत्तम वाहक आहेत म्हणून निवडले जातात, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. उत्तम प्रतीच्या मॅक्सीन पटलाची वाहकता तांब्याच्या सुमारे एक तीसांश भरते. त्यांचे खरे मोल पातळपणात आहे. पटलाचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; जाडी निम्मी केली की तो एक अष्टमांश होतो. म्हणून अर्ध्या मायक्रोमीटरचे पटल त्वचेच्या बारीक खाचांत उतरते आणि गोंदाशिवाय, केवळ व्हान डर वाल्स आकर्षणाने (अगदी जवळ आलेल्या रेणूंमधील क्षीण ओढीने) धरून राहते. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यात हवेची पोकळी राहिली, तर संरोध (पलटत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) वाढतो आणि माणूस हलला की संकेतात गोंगाट येतो. ईसीजी काढताना लावतात त्या चांदी–सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडखाली जेल असते ते ही पोकळी भरण्यासाठीच. मात्र ते जेल काही तासांत सुकू लागते आणि काहींच्या त्वचेला त्याचा त्रास होतो.

आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 मध्ये मँचेस्टर येथे चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्रॅफाइटपासून ग्राफीन वेगळे केले. 2010 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. कार्बन अणूंच्या या एकेरी थराची जाडी सुमारे 0.34 नॅनोमीटर असते आणि दृश्य प्रकाशापैकी तो फक्त 2.3 टक्के शोषतो, त्यामुळे त्वचेवर तो जवळजवळ दिसत नाही. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी 2017 मध्ये ग्राफीनचे ‘इलेक्ट्रॉनिक गोंदण’ सादर केले. तांब्याच्या पत्र्यावर वायुरूप रसायनांतून वाढवलेल्या ग्राफीनवर ॲक्रिलिक बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ लेप देतात, तांबे विरघळवून टाकतात, उरलेले पटल गोंदणाच्या कागदावर घेतात व यंत्राने नागमोडी कापतात. पुढे लहान मुलांच्या पाण्याने उठणाऱ्या टॅटूसारखेच. एकूण जाडी सुमारे 463 नॅनोमीटर, आणि ताणण्याची क्षमता 40 टक्क्यांहून अधिक. या जाडीत ग्राफीनचा वाटा हजारांशापेक्षाही कमी आहे, हे ‘एका अणूइतका पातळ संवेदक’ अशा मथळ्यांतून सहसा निसटते. बाकी सारा आधाराचा बहुवारिक असतो.

याच विद्यापीठातील संशोधकांनी टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील सहकाऱ्यांसह 2022 मध्ये ग्राफीनच्या गोंदणांनी मनगटावर रक्तदाब सतत मोजून दाखवला. बाहेरच्या इलेक्ट्रोडांमधून अतिशय सौम्य पलटता प्रवाह सोडतात, आतल्यांनी व्होल्टता टिपतात. धमनीतील रक्ताचे आकारमान प्रत्येक ठोक्याला बदलते, तसा ऊतींचा संरोधही बदलतो. संरोध आणि रक्तदाब यांचे नाते मात्र संगणकाला आधी रूढ उपकरणाच्या नोंदींवरून शिकवावे लागते. वरच्या रक्तदाबात सरासरी त्रुटी 0.2 व प्रमाण विचलन 5.8 मिमी. पारा आले; खालच्यात अनुक्रमे 0.2 व 4.5. मोजमाप 300 मिनिटांहून अधिक काळ चालले. दंडाला पट्टा आवळावा लागला नाही, ही यातली मोठी गोष्ट.

मॅक्सीन ही टायटॅनियमसारख्या संक्रमणी धातूंच्या कार्बाइड व नायट्राइडांची द्विमितीय रूपे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मायकेल नगीब, युरी गोगोत्सी, मिशेल बारसूम व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये टायटॅनियम–ॲल्युमिनियम कार्बाइडमधील ॲल्युमिनियमचे थर हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढून टाकले. उरलेले टायटॅनियम कार्बाइड अभ्रकासारखे पापुद्र्यांनी सुटले. हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून 2014 पासून लिथियम फ्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाची तुलनेने सौम्य पद्धतही वापरात आली. अर्थात तिच्यातही हायड्रोफ्लोरिक आम्ल जागच्या जागी तयार होतेच. पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल व फ्लोरीन गट राहतात. त्यामुळे मॅक्सीन पाण्यात सहज पसरते आणि त्याच्या शाईत कापड बुडवता येते, फवारता येते, छापता येते. ग्राफीनला ही सोय नाही.

ताण मोजणाऱ्या संवेदकात पापुद्रे एकमेकांवर अर्धवट चढलेले असतात. पट्टी ताणली की ते सरकतात, बारीक भेगा पडतात, प्रवाहाच्या वाटा तुटतात आणि रोध झपाट्याने वाढतो. रोधातील सापेक्ष बदल भागिले ताण (लांबीतील सापेक्ष बदल) म्हणजे गेज गुणांक. धातूच्या पत्रीचा तो सुमारे 2 असतो, तर भेगांवर चालणाऱ्या पटलांचा शेकड्यांत जाऊ शकतो. शोधनिबंधांत या आकड्याची चढाओढ चालते, पण नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही. भेगा जितक्या लवकर पडतात तितकी संवेदनशीलता वाढते आणि पट्टी उपयोगी राहण्याची मर्यादा घटते. मनगटावरची नाडी आणि गुडघ्याचे वाकणे एकाच पट्टीने नीट मोजणे म्हणूनच कठीण.

मॅक्सीनचे दुखणे टिकाऊपणाचे. पाणी व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात त्याचे कडेपासून टायटॅनियम डायऑक्साइड बनत जाते आणि वाहकता ढासळते. मूळ पदार्थ बनवतानाच ॲल्युमिनियम जास्त घेतले, तर कमी दोषांचे पापुद्रे मिळतात व शाई महिनोन्‌महिने टिकते, असे ड्रेक्सेलच्याच गटाने 2021 मध्ये दाखवले. घामाचा प्रश्न त्याने सुटत नाही. थरांमध्ये बाष्प शिरले तरी रोध बदलतो. आर्द्रतेच्या संवेदकात हा गुण, ताणाच्या संवेदकात खोट. म्हणून सिलिकोन रबराचे वेष्टन देतात, आणि वेष्टनाने जाडी वाढते.

दुसरी अडचण जोडणीची. अर्ध्या मायक्रोमीटरचे पटल कठीण मंडलपट्टीला (सर्किट बोर्डाला) जिथे मिळते, तिथेच ताण एकवटतो आणि पटल फाटते. ऑस्टिनच्या संशोधकांनी 2022 मध्ये तळहातावरच्या ग्राफीनच्या नागमोडी पट्ट्यांवर सोन्याच्या तशाच नागमोडी पट्ट्या अंशतः चढवून हा ताण पसरवला, आणि मानसिक ताणाच्या अभ्यासात उपयोगी पडणारी तळहाताची विद्युत्‌वाहकता मनगटावरच्या घड्याळवजा यंत्रापर्यंत पोहोचवली.