प्रतिकृती आणि प्रारूप : दोन्ही ‘मॉडेल’, पण एक नव्हेत

गोव्यातील शाळांत विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की थर्माकोल, तार आणि रंगांची खरेदी सुरू होते, आणि त्यातून जे तयार होते त्याला सगळेच ‘मॉडेल’ म्हणतात. वर्गात शास्त्रज्ञ नील्स बोर यांचे अणुप्रारूप, म्हणजे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती ठरावीक कक्षांत फिरतात असे मानणारे चित्र, शिकवताना आम्ही शिक्षकही मॉडेल हाच शब्द वापरतो. साहजिकच विद्यार्थी दोन्ही गोष्टी एकच समजतो. वास्तविक पहिली प्रतिकृती आहे आणि दुसरे प्रारूप.

प्रतिकृती म्हणजे वस्तूची रचना डोळ्यांसमोर मांडणारी दुसरी वस्तू. ती प्रमाणात असेल तर फार शिकवून जाते. ११ सेंटिमीटर व्यासाचा सोललेला नारळ सूर्य मानला, तर पृथ्वी १ मिलिमीटरची, मोहरीच्या बारीक दाण्याएवढी होते आणि तो दाणा नारळापासून सुमारे १२ मीटरवर ठेवावा लागतो.

प्रारूपाला वस्तू लागतच नाही. काही गोष्टी मुद्दाम सोडून देऊन, उरलेल्यांच्या आधारे मोजणीपूर्वीच उत्तर सांगणे हे त्याचे काम. घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, तुळईला दोरीने दगड टांगावा. दगड म्हणजे केवळ एक बिंदू, दोरीला वजन नाही, हवेचा अडथळा नाही आणि झोका लहान, एवढे मानले की दोलनकाळ, म्हणजे एका पूर्ण येरझारीला लागणारा वेळ, फक्त दोरीची लांबी आणि गुरुत्वत्वरण यांवर ठरतो. १ मीटर लांबीला १० दोलनांस सुमारे २० सेकंद लागतील, हे आधी फळ्यावर लिहावे आणि मगच घड्याळ लावावे. जड दगड बांधला तरी आकडा हलत नाही. त्यानंतर तोच दगड ६० अंशांपर्यंत ओढून सोडावा. आता १० दोलनांस एका सेकंदाहून अधिक वेळ जास्त लागतो, कारण झोका लहान असल्याचे गृहीतक मोडलेले असते. माझ्या मते साऱ्या तासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, कारण उत्तर कशामुळे चुकले याचा शोध मुले इथे आपणहून घेऊ लागतात.

खरा गोंधळ अणूपाशी होतो. तारेच्या कड्यांत मणी ओवून केलेला अणू ही प्रारूपाची प्रतिकृती असते, अणूची नव्हे. बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेले प्रारूप हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा हिशेब जुळवते, पण हेलियमपाशी ते अपुरे पडते, आणि तारेकडे कितीही वेळ पाहिले तरी हे कळत नाही. म्हणून प्रदर्शनात ‘हे कसे बनवले?’ याच्या जोडीला ‘यातले काय खरे नाही?’ असेही मी विचारते. एका मुलीने थोडा वेळ थांबून कडीवर बोट ठेवले आणि ती म्हणाली, ‘‘टीचर, ही तार. इलेक्ट्रॉनला अशी आखलेली वाट नसते.’’