एका कळीत दोन अक्षरं

माझी भाची म्हापशात अर्ज आणि दस्त टाइप करून देते. परवा तिच्या टेबलाशी बसलो होतो. अर्ज मराठीत, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावं रोमन लिपीत, सोबत पोर्तुगीज काळातलं एक दस्त. तिनं 'गोवा' टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं 'आय, ए, बी, ई'. मराठी लावायची राहिली होती. खोडा, भाषा बदला, पुन्हा लिहा; दिवसातून कितीतरी वेळा तिचं हेच चालतं.

कळीवर अक्षर छापलेलं असलं, तरी कळीला ते ठाऊक नसतं. दाबली की कीबोर्ड फक्त एक क्रमांक पाठवतो. यूएसबी कीबोर्डवर 'आय'च्या कळीचा क्रमांक १२. त्याचं अक्षर कोणतं, हे संगणकातला तक्ता ठरवतो. त्यालाच लेआउट म्हणतात. इंग्रजी तक्त्यात १२ समोर छोटा 'आय' आहे, म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीतला १०५. मराठीच्या इन्स्क्रिप्ट तक्त्यात त्याच १२ समोर 'ग', म्हणजे २३२७. आपण भाषा बदलतो तेव्हा हा तक्ता बदलतो, बाकी काही नाही.

देवनागरी कोकणीतला 'ग'सुद्धा हाच २३२७. 'गोवा' आणि 'गोंय' एकाच तक्त्यावर लिहून होतात. त्यामुळे नुसत्या टायपिंगसाठी कोकणीचा वेगळा तक्ता घालून संगणकातली भाषांची यादी लांबवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण खरा त्रास यादीचाच. विंडोज कळ आणि स्पेस दाबली की यादीतली पुढची भाषा येते. मॅकवर कंट्रोल, ऑप्शन आणि स्पेस. दोन भाषा असतील तर ठीक. तिसरी आली की आधी कोणती चालू होती, हे दर वेळी बघावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट देता येतो. आम्ही कंट्रोल-शिफ्ट-१ वर मराठी ठेवली, २ वर इंग्रजी. आता आधी काहीही चालू असो, १ म्हणजे मराठीच. बोटांना सवय लागायला वेळ लागत नाही.

३ वर 'यूएस इंटरनॅशनल' हा तक्ता घातला. त्यात एकेरी अवतरणचिन्ह दाबून मग 'सी' दाबला की 'कोन्सेसांव' नावातला शेपटीवाला 'सी' मिळतो. जुन्या दस्तातली नावं ती आता शेपटीसकट, जशीच्या तशी उतरवते.