शिकवलं की मुलं बिघडतात?

‘शाळेत लैंगिक शिक्षण दिलं की मुलं नको ते लवकर करू लागतात’, ही समजूत जुनीच. २००७मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला असा कार्यक्रम थांबवला, तोही याच धास्तीने.

खरं चित्र पाहायचं तर नेदरलँड्स आणि अमेरिका शेजारी ठेवा. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेपासूनच नाती, शरीर, नकार देणं यांवर मोकळेपणाने बोलतात. (चार वर्षांच्या मुलांना संभोग शिकवतात, ही निव्वळ अफवा, त्या वयात मैत्री आणि मिठीबद्दल बोलणं होतं.) मोठ्या मुलांना गोळी आणि कंडोम दोन्ही वापरायला सांगतात, कारण गोळी गर्भधारणा टाळते, संसर्ग नाही. अमेरिकेने मात्र १९९६च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच शिकवणाऱ्या वर्गांवर दरवर्षी ५ कोटी डॉलर ठेवले. त्या वर्गांमुळे मुलं थांबली नाहीत, हे सरकारनेच करवलेल्या पाहणीत २००७ साली दिसलं. किशोरवयीन मातांचं प्रमाण तिथे आजही नेदरलँड्सच्या कित्येक पट आहे. गरिबी, आरोग्यसेवा हीही कारणं आहेतच, सगळं श्रेय शाळेला देणं भाबडेपणाचं. पण ‘शिकवलं म्हणून बिघडली’ हे कुठेच दिसत नाही.

आणि हो, हा विषय आपल्याकडेही नवा नाही, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ साली.