उलटे आकडे आणि ८५ ची पायरी

गाणी तोंडपाठ, क्रिकेटचे स्कोअर पाठ, मग डिक्टेशनमध्येच हा विसरतो कसा? पालकांचा हा प्रश्न नेहमीचा. घोळ ‘स्मरणशक्ती’ या शब्दात आहे. पाठ होऊन साठलेलं वेगळं आणि हातातलं काम संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवायचं ते वेगळं. या दुसऱ्याला ‘वर्किंग मेमरी’ म्हणणं रूढ झालं ते १९७४ च्या ब्रिटिश मांडणीपासून.

‘मूर्ती’ लिहून पाहा. ‘र’ ऐकू येतो ‘ती’च्या आधी, पण रफार द्यायचा ‘ती’च्या डोक्यावर. तोवर तो धरून ठेवायचा, वर ‘मू’ दीर्घ हेही सांभाळायचं. वहीत उतरतं ‘मुती’. अर्थात प्रत्येक चुकीमागे वर्किंग मेमरीच असते असं नाही. पुष्कळ मुलांना मुळात ध्वनी सुटे करणंच जड जातं.

वर्किंग मेमरी मोजायला वापरतात ती आकडे ऐकवून परत म्हणायला लावण्याची चाचणी १८८७ मधली. ७-२-९ ऐकायचं, तसंच म्हणायचं. पुढे उलट म्हणवून घेण्याची भर पडली. १८९६ मध्ये एका इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या हुशार मुलाची नोंद केली, तो स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट लिहायचा. ‘हुशार, तरीही’ हे तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

१९७७ च्या अमेरिकी नियमांनी त्याचाच अध्ययन अक्षमता (म्हणजे लिहिणं-वाचणं शिकण्यातली खास अडचण) ठरवायचा निकष केला: बुद्धी आणि लेखन-वाचन यांत मोठी तफावत हवी. २००४ मध्ये तिथल्या राज्यांवरची ती सक्ती गेली. महाराष्ट्रात अशा मुलांना दहावीच्या परीक्षेतल्या सवलती १९९६ पासूनच्या. २०१६ च्या कायद्याने अध्ययन अक्षमतेला देशभर अपंगत्वात स्थान दिलं. पण २०१८ च्या केंद्रीय सूचनांत आधी बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा होता, मग पुढची तपासणी. गोम इथेच आहे. बुद्ध्यांकाच्या काही चाचण्यांत तीच आकड्यांची ओळ असते. म्हणजे ज्या अडचणीसाठी मूल आणलं, तीच त्याचे गुण खाते. ८३ आले की शिक्का ‘स्लो लर्नर’चा आणि परीक्षेतला जादा वेळ हुकला. हे मला सरळसरळ उफराटं वाटतं.

मधल्या काळात वर्किंग मेमरी वाढवणारे कॉम्प्युटर गेम आले. गेममधले गुण वाढले, शुद्धलेखन बहुतेकांचं होतं तिथेच राहिलं.