सांध्यातील कूर्चा

सांध्यात समोरासमोर येणाऱ्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, निळसर पांढरे आवरण. बोलीत हिला ‘गादी’ म्हणतात. पण गुडघ्यातल्या दोन अर्धचंद्राकृती चकत्यांनाही तोच शब्द लावतात, त्यामुळे रोगी एकीविषयी विचारतो आणि डॉक्टर दुसरीविषयी सांगतात. गोव्यात कूर्चा ताटातही भेटते: मोरी (शार्क) माशाचा सांगाडा सगळा कूर्चेचाच असतो.

बहुतेक सांध्यांत तिची जाडी 2 ते 4 मिमी असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती सर्वांत जाड. ओल्या वजनातले 65 ते 80 टक्के पाणी. बाकीचा मुख्य भाग म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे व त्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनचे (प्रथिन व शर्करा यांचे) रेणू. या रेणूंवर ऋण विद्युत्भार असल्याने ते पाणी ओढून फुगू पाहतात, जाळे त्यांना फुगू देत नाही, आणि या ओढाताणीतून कूर्चेला ताठपणा येतो. पाऊल पडले की पाण्याला चटकन निसटता येत नाही, म्हणून सुरुवातीचा बहुतेक भार तेच पेलते. तंतू वरच्या थरात पृष्ठभागाला समांतर, मध्ये तिरके आणि तळाशी हाडावर उभे असतात.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. पेशी विरळ, त्यांचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि भार पडण्या-सुटण्याने त्याला मदत होते. म्हणून पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर प्रोटिओग्लायकन घटून कूर्चा मऊ पडते. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने हालचालच बंद करणे हा उपाय नव्हे.

‘झीज’ हा रूढ शब्द अर्धवट आहे. कूर्चा टायरसारखी नुसती घासून संपत नाही. वयानुसार होणाऱ्या संधिवातात विकरांमुळे (एन्झाइममुळे) आधी प्रोटिओग्लायकन कमी होते, जाळे सैल पडते, पाण्याचे प्रमाण उलट वाढते. मग पृष्ठभाग तंतुमय होऊन भेगा पडतात. ‘वंगण संपले’ हे तर बहुधा उलटेच: निरोगी गुडघ्यात सांध्यातला हा द्रव अवघा काही मिलिलिटर असतो, सुजलेल्या गुडघ्यात तो वाढतो आणि पातळ होतो. वेदना येते ती खालचे हाड, सांध्याचे अस्तर व वेष्टन यांतून. त्यामुळे एक्स-रे वाईट आणि दुखणे थोडे, किंवा याच्या उलट, असे नेहमी आढळते. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. ती उभे राहून काढलेल्या चित्रातच नीट मोजता येते. आडवे झोपवून काढल्यास फट फसवी रुंद दिसते. तीव्रतेची 0 ते 4 श्रेणी केलग्रेन व लॉरेन्स यांनी 1957 मध्ये मांडली.

नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच नोंदवले. इजा उथळ असेल तर रक्त पोचत नाही, म्हणून ती भरत नाही. खालच्या हाडापर्यंत गेली तर हाडाच्या मज्जेतून येणाऱ्या पेशींपासून भराव होतो, पण तो तंतुमय, वेगळ्या (पहिल्या) प्रकारच्या कोलॅजनचा आणि कमी टिकाऊ. हाडाला 3–4 मिमी अंतरावर बारीक छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया याच भरावावर अवलंबून असते. ती लहान, एकाकी खड्ड्यासाठी. सगळ्या गुडघ्यात पसरलेल्या विकाराला तिचा उपयोग नाही.

उकिडवे बसून काम करणारी बाई असो की गुडघे पूर्ण दुमडून माडावर चढणारा पाडेली, वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. चिऱ्यांच्या पायऱ्या उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखते ते मांडीचे स्नायू लांबत लांबत भार तोलत असल्यामुळे. हे स्नायू बळकट करणे हा सर्वांत स्वस्त उपचार. वजन 1 किलो कमी झाले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने घटतो. मोरी खाऊन किंवा तिच्या कूर्चेच्या गोळ्या घेऊन मात्र गुडघ्यात कूर्चा उगवत नाही: पोटात गेल्यावर तिचे प्रथिन इतर कुठल्याही प्रथिनासारखे पचते.